सोनकी आणि पुसून टाकणारी परी

डोंगराच्या कुशीत, जिथे सकाळचं कोवळं ऊन आधी पानांवर उतरतं आणि मग घरांवर, तिथे सोनकी नावाची एक चिमुकली मुलगी राहायची. तिला आई नव्हती. बाबा झाडांवर चढून मध काढायचे. पण गेल्या वर्षी फांदी मोडली, बाबा पडले आणि त्यांचा पाय लुळा झाला. तेव्हापासून सोनकी एकटीच रानात जाई. हिरडे वेची, रिठे वेची, बाजारात देऊन मूठभर तांदूळ आणी. तिचे इवलेसे तळपाय दगडासारखे टणक झाले होते.

आणि मन झालं होतं सावध. एक बाई "दोन दिवसांत परत आणते गं, राणी," म्हणून तिची शेळी घेऊन गेली, ती गेलीच. तेव्हापासून कुणी गोड बोललं की सोनकी दोन पावलं मागे सरे.

एके दिवशी करवंदीच्या जाळीत काहीतरी लुकलुकलं. पाहते तर काय, बोटभर उंचीची परी! तिचे गुलाबी-जांभळे पंख पांढऱ्या चिकात अडकले होते.

"मला सोडव ना गं," परी किणकिणली.

"खरंच अडकलीस की सोंग करतेस?"

परीच्या डोळ्यांत मोहरीएवढं पाणी तरारलं. सोंग असेल तर असो, पण सोनकीला ते बघवेना. तिने काट्यांत हात घातला. ओरखडे उठले, तरी तिने एकेक पंख हळूच सोडवला.

परी भुर्रकन उडाली. तिच्या अंगावरून सोनेरी कण भुरभुरले. "सोनकी, एक इच्छा माग. सूर्य डोक्यावर यायच्या आत. आणि कुणाला सांगायचं नाही, हं!"

"माझं नाव तुला कसं ठाऊक?" सोनकीने डोळे बारीक केले.

"मला सगळं ठाऊक आहे. बाबा पडले ना, तो दिवसच पुसून टाकू? एक फुंकर, की झालं!"

सोनकीचे डोळे लकाकले. पण तोंडून 'हो' निघेना. "त्या दिवसाबरोबर आणखी काय पुसलं जाईल?"

परी ओशाळली. "विचारलंस तर खरं सांगावंच लागतं, तोही नियमच. त्या दिवसापासून तू जे जे शिकलीस ते जाईल. रानवाटा, झाडांची ओळख, कड्यावर चढणं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं गं."

सोनकी विचारात पडली. बाबा पुन्हा पडले तर? तेव्हा तिला काहीच येत नसेल.

"पुसू नकोस," ती म्हणाली. "आहे तो पाय बरा करायचं औषध दाखव."

"ते कड्यावर आहे. रुपेरी पानांची वेल. रोज एक ताजं पान वाटून पायाला लावायचं, एकवीस दिवस. मी फक्त दाखवू शकते. आणावं तुलाच लागेल."

"मला कड्यावरून पाडायचा डाव नाही ना?"

"माझा भरवसा धरू नकोस," परी हसली. "तुझ्या पायांचा धर."

परी पुढे, सोनकी मागे. परीने दाखवलेला प्रत्येक दगडसुद्धा सोनकी आधी हलवून बघे, मगच पाय ठेवी. एक दगड खरंच निसटून दरीत गेला. परीच दचकली! सोनकीने श्वास रोखला, दुसरी खाच शोधली आणि पान खुडलं.

मग ती रोज कडा चढू लागली. सातव्या दिवशी बाबांच्या लुळ्या पायाचा अंगठा हलला. एकविसाव्या दिवशी ते भिंत धरून उभे राहिले. "पोरी, अगं पोरी!" एवढंच त्यांना बोलता आलं.

ही बातमी शेजारच्या गावच्या म्हाताऱ्या वैदूच्या, येसूआबांच्या, कानी गेली. ते काठी टेकत आले. "बाळ, माझ्यानं आता कडा चढवत नाही. तुला रान कळतं. माझी सगळी विद्या शिकशील?"

सोनकीने त्यांनाही आधी चार प्रश्न विचारले, आणि मग आनंदाने मान डोलावली.

दुसऱ्या सकाळी ती रानात गेली, तर परी निरोप घ्यायला थांबली होती.

"पुन्हा येशील?" सोनकीने विचारलं.

"तुला आता काही मागायचंय?"

"काही नको. नुसती खेळायला ये."

असं परीला कधी कुणी बोलावलंच नव्हतं. मग ती खुदकन हसली, इतकी हसली, की तिच्या हसण्याचा लख्ख उजेड झाला आणि पानापानांवर सांडून गेला.