निलोफरचा पट्टा

कुपवाडच्या वजन उचलण्याच्या स्पर्धेत शेवंता सर्वांच्या पुढे होती. शेवटची पाळी मिरजेच्या निलोफरची होती आणि नेमका तिचा कमरेचा पट्टा तुटला. पट्ट्याविना तेवढा भार उचलणं म्हणजे कंबर मोडून घेणं. शेवंताने आपला पट्टा सोडून तिच्या कमरेला आवळला. निलोफरने भार उचलला आणि पहिली आली.

शेवंताच्या तालमीचे अध्यक्ष आबासाहेब सर्वांदेखत कडाडले, “हातचं पदक वैरिणीला देऊन टाकलंस! उद्यापासून तालमीची पायरी चढू नकोस.”

शेवंता म्हणाली, “तिचा पट्टा तुटला म्हणून मी पहिली आले असते, तर आबासाहेब, पदक कुणाच्या गळ्यात घातलं असतंत? माझ्या, की तुटक्या पट्ट्याच्या?”

लोक हसले. आबासाहेब हसले नाहीत. त्यांनी एकवार निलोफरकडे पाहिलं. मग म्हणाले, “उद्या वेळेवर ये. आणि त्या पोरीला विचारून ये, उचलताना पाय कसे रोवते.”