खैरीचं वासरू

त्या कुरणात नाकाचा शब्द अखेरचा मानला जाई. डोळे फसतात, कान तर कुणीही भरतं. नाक तेवढं खोटं बोलत नाही, अशी तिथल्या गुरांची पक्की समजूत होती. ज्याला आईचा वास नाही, ते वासरू कळपाचं नाही.

गवत सुकू लागलं की कळप खिंडीतून वरच्या हिरव्या कुरणात जाई. खिंडीच्या तोंडाशी शंखोबा नावाचा म्हातारा वळू आधी गाईला हुंगायचा, मग वासराला. वास जुळला की वाट मोकळी. न जुळलेलं वासरू खालीच राहायचं, आणि खाली उरायचे ते नुसते दगड.

अशा राज्यात चिंचोका जन्मला आणि पाठोपाठ त्याची आई गेली. पोट खपाटीला, पाय काटकुळे. गाईंनी त्याला हुंगलं आणि लाथा घातल्या. खैरीचं वासरू नुकतंच पोटातच दगावलं होतं. कास दुधाने तटतटली होती. तिनेही हुंगलं. वास परकाच! पण पठ्ठ्याने कासेला अशी काही ढुशी मारली, की तिला पान्हाच फुटला. आता फुटलेला पान्हा काय परत चढवता येतो?

"अगं, लोकाचं लेकरू ते!" शेजारची पिवळी म्हणाली.

"पितंय तोवर तरी माझं," खैरी म्हणाली आणि त्याला चाटू लागली.

लहानपणी बाभळीच्या बेचक्यात अडकून खैरीची मान आखडली होती. ती गवतापर्यंत वाकतच नसे. म्हणून पुढचे दोन्ही गुडघे जमिनीला टेकून ती चरायची. पिवळी खिदळायची, "आली बाई देवदर्शनाला!"

"हास हास. खाली टेकलं की कोवळं दिसतं," खैरी म्हणायची.

चिंचोका दिवसभर तिच्या मागे. कुठला झुपका गोड, कुठल्या पाल्याने पोट फुगतं, हे तो तिच्या तोंडाकडे बघून शिकला. त्याच्या अंगावर अशी तुकतुकी चढली, की सख्ख्या आयांची वासरं त्याच्यापुढे पाप्याची पितरं दिसू लागली. आपला वास त्याला लागावा म्हणून खैरी मात्र जीभ दुखेपर्यंत त्याला चाटत राही.

निघायचा दिवस उजाडला. त्या सकाळी आया वासरांना ओढ्यात न्हाऊ घालत. तशी रीतच होती. खैरीला तर आनंदाचं भरतं आलेलं. तिने चिंचोक्याला पाण्यात लोटलं, चिखलाने घासलं, पुन्हा लोटलं. लखलखीत होऊन तो बाहेर आला, तिने त्याला हुंगलं, आणि तिचा वास कुठेच नव्हता. इतरांचा वास आतून येई. याचा वरवर लावलेला, तो ओढ्याबरोबर वाहून गेला होता.

शंखोबाने हुंगलं. पुन्हा हुंगलं. "नुसत्या ओल्या मातीचा वास. याला आई नाही."

"मी आहे की, बाबा!"

"खाण तशी माती, बाई. इथं खाणच नाही."

"मग मीही खालीच राहते," खैरी म्हणाली.

आता पिवळीला राहवेना. "बाबा, नाकाने कांदे सोलणं पुरे झालं! पोर बघा, कसं टरारलंय!"

"टरारेल. वास कुठाय?" शंखोबा हटेना. गाई तावातावाने बोलू लागल्या, मागचा कळप ढकलू लागला. मोठ्यांचं भांडण लांबलं की पोरांना भूक लागते.

चिंचोका हळूच बाजूला सरला. खिंडीच्या कडेला गवताचा एक हिरवा पट्टा होता. मान त्याची चांगली लवचीक, कुठेही वळणारी. तरी त्याने आधी डावा गुडघा टेकला, मग उजवा, आणि बुड वर करून तो मजेत चरू लागला.

पिवळी हसायला गेली आणि हसता हसता थांबली.

शंखोबाने खैरीच्या गुडघ्यांवरचे काळे घट्टे पाहिले. मग वासराच्या गुडघ्यांवरचे, नुकतेच उमटू लागलेले. आणि एकदाही न हुंगता तो वाटेतून बाजूला झाला.