मोरीतली नदी

“…सगळं न्यायानं केलं, तर मग घोडं पेंड खातंय कुठं, बाबा?”

धनाजी भोईनं पुन्हा तेच विचारलं. हसनशा फकीर आपल्या तकियाच्या, म्हणजे मठीच्या, ओट्यावर बसला होता.

धनाजीला पोहणं आईनं शिकवलं होतं आणि अक्षरं या फकिरानं. पोहणं पोरगं विसरलं. अक्षरांत मात्र फार पुढं गेलं. शहर हिरवं करताना गरिबावर अन्याय होऊ नये, यावर त्यानं जाडजूड प्रबंध लिहिला. पुढं नदीकाठी मोठी बाग करायचं ठरलं, तेव्हा आराखड्यासाठी त्यालाच बोलावलं. बागेच्या जागी भोईवाडा होता. धनाजी जिथं जन्मला तोच.

“एकालाही उघड्यावर टाकलं नाही,” धनाजी म्हणाला. “सगळ्यांना पक्की घरं दिली. गच्चीवर सौरऊर्जा, दारात झाडं. बाहेरगावची माणसं बघायला येतात, बाबा!”

“आणि गिरजा?”

“आई…”

धनाजीचा आवाज खाली आला.

“आई नीट जेवत नाही. वाळत चाललीय. तिन्हीसांजा झाल्या की मोरीतला नळ बारीक सोडते अन् उंबऱ्यावर बसून राहते. धुणं नाही, भांडी नाही, नुसती बसते. मग मी जाऊन नळ बंद करतो.”

“का रे?”

“पाणी वाया जातंय की! पाणी वाचवा म्हणून मी गावभर भाषणं देत फिरतो, आणि माझ्याच घरात…”

“दिव्याखाली अंधार,” फकीर म्हणाला आणि मनापासून हसला.

मग त्यानं शेजारची झारी उचलून तिरपी केली. बारीक धार ओट्याच्या दगडावर पडू लागली. धनाजीनं पटकन त्याचा हात धरला.

“बाबा, पाणी…”

“गप. ऐक.”

…

धार पडत राहिली. धनाजीनं ऐकलं. त्याला बागेखाली गेलेलं घर आठवलं. निजताना उशाशी असायचा तो आवाज आठवला. आईचे ओले, मासळीचा वास येणारे हात आठवले. इतकी वर्षं त्यानं नदीचा अभ्यास केला, पण नदीची आठवण अशी कधी आली नव्हती. आता आली. त्यानं फकिराचा हात सोडून दिला.

झारी रिकामी झाली.

“तिला नदी हवीय,” धनाजी म्हणाला.

“आणि तुला?”

धनाजीनं बाहीनं डोळे पुसले. पण शिकलेला माणूस तो. रडणं आवरायच्या आधीच त्याला उपाय सुचला.

“उद्याच बागेत नेतो तिला. चांगले बाक आहेत. बसेल नदीकडं बघत.”

“पाण्यात हात घालील?”

“पाण्यापर्यंत जाता येत नाही, बाबा. कठडा आहे.”

“कशापायी?”

“काठावर नवी रोपं लावलीत. माणसं उतरली तर तुडवतील.”

“माणसं म्हणजे… गिरजा?”

धनाजी ओल्या दगडाकडं बघत राहिला.

“नकाशात तो कठडा काढला कुणी?” फकिरानं विचारलं.

“मीच काढला, बाबा… ह्या हातानं.”

फकिरानं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“मग आता काठावरनं काढ.”