कुलपाची भवानी

एकदा एक भांडण भर बाजारात अर्ध्यावर आले होते.

“एवढं सगळं दिलं आणि तुम्ही निघालात?” परगण्याच्या उद्यमखात्यातला तरुण शिष्य तावातावाने बोलत होता. “जागा दिली. भट्टीला कोळसा दिला. बाजारकर माफ केला. वेशीवर फलक लावला, ‘आपल्या परगण्याचे कुलूप घ्या’. कचेरीनं आणखी काय करायचं? तुमची पालखी काढायची?”

“पालखी नको, साहेब,” ऐरण गोणपाटात गुंडाळता गुंडाळता कुलूपवाला म्हणाला. “पालखीला कुलूप लागत नाही.”

भोवतीचे लोक हसले. शिष्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“लोक घेत नाहीत, यात कचेरीचा काय दोष?”

“दोष कुणाचाच नाही. एक विचारू? तुमच्या स्वतःच्या पेटीला कोणतं कुलूप आहे?”

शिष्याच्या पेटीला बाहेरून येणारे सिंहछाप कुलूप होते. ते त्याने समोर सिंहछाप विकणाऱ्या शेटच्याच दुकानातून घेतले होते, आणि ही गोष्ट शेटला, कुलूपवाल्याला आणि बहुधा साऱ्या बाजाराला ठाऊक होती.

आज त्या परगण्याची कुलपे चारी दिशांना जातात. पण ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवसापर्यंत तिथले एकही कुलूप विकले गेले नव्हते. धडधाकट माणसे पोटासाठी नगरात जात आणि तिकडचीच होऊन राहत. ती माघारी यावीत, इथल्या हातांना इथेच काम मिळावे, म्हणून पंचांनी उद्यमखाते काढले होते. शिष्य राजधानीच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून त्या खात्यात प्रमुखांच्या हाताखाली काम शिकायला आला होता. नगरातल्या कारखान्यात राबणाऱ्या या कुलूपवाल्याला त्यानेच शब्द देऊन परत आणले होते. त्याचे बघून एक तांबट आणि एक विणकर यायच्या बेतात होते. हा गाडीत बसला की ते दोघेही येणार नव्हते, आणि शिष्याच्या शब्दाला परगण्यात पुन्हा कोणी विचारणार नव्हते.

कुलूप वाईट नव्हते. लोक ते हातात घेत, वाखाणत, आणि समोर जाऊन सिंहछाप विकत घेत. कारण बाजारात एक वाक्य फिरत होते: गावच्या कुलपाची किल्ली गावात. ज्याने कुलूप केले त्याच्याकडे दुसरी किल्ली असणारच, आणि तो तर शेजारी राहतो. हे वाक्य पहिल्यांदा कोण बोलले ते कोणी सांगत नसे. शेट मात्र ते ऐकताना गालातल्या गालात हसे.

इतक्यात गर्दी बाजूला सरली. पुढे आल्या त्या उद्यमखात्याच्या वृद्ध प्रमुख. सारा परगणा त्यांना आत्याबाई म्हणे. उमेदीची वर्षे त्यांनी याच बाजारात मीठ विकले होते. अक्षरे शिकल्या त्या गोण्यांवरचे छाप वाचून, आणि त्याची त्यांना लाज नव्हती, गर्व होता.

“आली भवानी,” शेट शेजाऱ्याच्या कानात पुटपुटला.

“आले खरी,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांचे कान अजून शाबूत होते. “पण मी दारात उभी राहिले म्हणून कुणाची भवानी होत नाही, शेट. पहिली विक्री गिऱ्हाइकानं करून द्यावी लागते.” मग त्या कुलूपवाल्याकडे वळल्या. “तुझी झाली का रे?”

“आजची?”

“पहिली.”

“दुकान मांडल्यापासून नाही, आत्याबाई.”

आत्याबाईंनी शिष्याकडे पाहिले. “सगळं दिलं म्हणतोस. भवानी तेवढी राहिली वाटतं.”

“विक्री करून देणं हे खात्याचं काम नव्हे, आत्याबाई,” शिष्य आवाज सांभाळत म्हणाला. “आपण अनुकूल परिस्थिती निर्माण करायची. पुढचं बाजार ठरवतो. ग्रंथात तसंच आहे.”

“ग्रंथ लिहिणारानं कधी मीठ विकलं होतं का?” एवढे बोलून आत्याबाईंनी मांडणीवरचे सर्वांत मोठे कुलूप उचलले. कानाशी धरून किल्ली फिरवली, आतली कळ पडल्याचा आवाज ऐकला आणि किंमत विचारली.

“तुमच्याकडून काय घ्यायचं. न्या तसंच.”

“भवानीच्या वेळी फुकट देऊ नये, आणि घेणारानं घासाघीस करू नये. सांग.”

त्याने सांगितलेली किंमत त्यांनी कमरेच्या चंचीतून काढून त्याच्या हातावर ठेवली. कुलूपवाल्याने ते पैसे कपाळाला लावले. हात खाली आणायला त्याला जरा वेळ लागला.

त्यानंतर त्या वृद्धेने जे केले, ते पाहून शिष्याच्या पायाखालची जमीन सरकली. बाजाराच्या तोंडाशीच उद्यमखात्याची कोठी होती. खात्याचे सारे द्रव्य तीत असे, आणि दाराला भलेथोरले सिंहछाप कुलूप असे. आत्याबाईंनी ते काढले, पहारेकऱ्याच्या हातात दिले आणि नवे कुलूप लावले.

“हे काय करताय?” शिष्य धावत आला. “हे द्रव्य परगण्याचं आहे. एका कारागिराचं मन राखायला कोठी पणाला लावायची?”

“मन राखायला मी साखर देते, कुलूप नाही लावत,” आत्याबाई म्हणाल्या. “शेट, तुमच्या दुकानात असतील नसतील तेवढ्या किल्ल्या आणा. या कुलपातली एक जरी कळ हलली, तर हे मी सगळ्यांसमोर भट्टीत टाकते आणि तुमचा सिंह पुन्हा बसवते.”

शेट जुडगेच्या जुडगे घेऊन आला. एकेक किल्ली घालून पाहिली, मग तार घातली, मग दुसरी वाकडी तार घातली. “शेट, जरा गोंजारून बघा,” मागून कोणी तरी म्हणाले. शेटने उपरण्याने मान पुसली. कुलूप ढिम्म हलले नाही.

“आता ऐक,” आत्याबाई शिष्याला म्हणाल्या. “वेशीवरचा फलक लोक जाता जाता वाचतात, आपल्या कोठीचं दार रोज बघतात. फलक म्हणतो, आपलं घ्या. दारावरचा सिंह म्हणतो, आम्ही नाही हो घेतलं. दोघांत लोक खरं कुणाचं मानणार? तू जागा दिलीस, कोळसा दिलास, चांगलंच केलंस. पण ज्याला उभं करतो म्हणायचं, त्याचं पहिलं गिऱ्हाईक आपण व्हायला नको? वाढणारानं आधी चाखावं, मग पंगतीला आग्रह करावा.”

“आणि चोरी झाली तर?”

“पहारेकरी होता तसाच राहील. तरी झाली, तर पंचांपुढं मी उभी राहीन. जोखीम लोकांनी घ्यायची आणि उपदेश आपण करायचा, असलं खातं मला चालवता येत नाही.”

आपल्या माणसांच्या मालाचे उत्सव भरवणाऱ्या कचेऱ्या आजही पुष्कळ आहेत. त्यांच्या स्वतःच्या दारांना काय लटकते, ते वाचणाऱ्याने एकदा जाऊन बघावे.

भांडणातला पेटीच्या कुलपाचा तो प्रश्न, ज्याला शिष्याने उत्तर दिले नव्हते, त्याला आता टोचू लागला. तो मुकाट्याने मांडणीपाशी गेला, आपल्या पेटीच्या मापाचे एक कुलूप निवडले आणि पैसे पुढे केले.

“घ्या, घ्या,” शेट मोठ्याने म्हणाला. हसे झाल्याने तो चांगलाच चिडला होता. “माझ्या किल्लीनं उघडलं नाही, मान्य. पण ज्यानं केलं त्याच्या किल्लीनं? दुसरी किल्ली याच्याकडे नाही, असं कोण छातीवर हात ठेवून सांगतं?”

हे सगळ्यांच्याच मनातले होते. शिष्याचा पैसे धरलेला हात अधांतरी थांबला, आणि तो थांबलेला कुलूपवाल्याने पाहिला. वाकून तो ऐरणीच्या गोणपाटाची गाठ पुन्हा आवळू लागला.

तेव्हा कोठीच्या पायरीवरून आत्याबाई जे एक वाक्य बोलल्या, त्याने शिष्याचा हात पुढे गेला, गाठ सुटली, आणि तो वाद त्या बाजारात पुन्हा कोणी काढला नाही:

“असेल की याच्याकडे दुसरी किल्ली, शेट, आणि तुमच्या सिंहाचीही असेल कुणाकडे तरी, पण त्या माणसाचं दार आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नाही, आणि याचं दार तुमच्या दुकानासमोर आहे.”