तिन्हीसांजेची हाक

नदीच्या वळणावरल्या एका गावात अंतू नावाचा कासार राहायचा. बांगड्या भरण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. बाईचा पंजा असा काही हलकेच चेपायचा, की बांगडी केव्हा चढली ते तिलाही कळू नये.

पुढे त्याची बायको गेली आणि अंतू दारूला लागला. हात थरथरू लागले. बांगडी फुटली असं कासार कधी म्हणत नाही, वाढली म्हणतो. पण अंतूच्या हातून रोज इतक्या वाढायला लागल्या, की त्याला पाहून बायका हात पदराआड घेऊ लागल्या.

त्याच्या लेकीचं, मैनेचं, लग्न येत्या माघात करायचं ठरलं. ती म्हणाली, "बाबा, माझा चुडा तुम्हीच भरायचा. पण हात असाच कापत राहिला, तर मी परगावचा कासार बोलवीन. मग मांडवात तुम्ही येऊ नका."

अंतूनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडायची शपथ घेतली. शपथेचं काय हो, ती त्यानं याआधीही सात वेळा घेतली होती!

शपथ मोडायची ती एकाच ठिकाणी. दिवस कलताना फिरती संपवून तो घरी निघायचा. माळावरच्या वाकड्या बाभळीपाशी आला, की पुढून बांगड्यांची किणकिण यायची. पुढे तर कुणीच नसायचं. त्याच्या खांद्यावरच्या बांगड्या मात्र गप्प. वारा पडायचा, पाखरं मुकी व्हायची. तो घराच्या दिशेनं चालायचा आणि थोड्या वेळानं तीच बाभूळ पुन्हा समोर. मग तिसऱ्यांदा. शेवटी वाट सुटायची ती थेट गुत्त्याच्या दारात.

आपल्याला चकवा लागतो, हे अंतूनं ओळखलं. चकवा म्हणजे माणसाला ओळखीच्याच वाटेवर गोल गोल फिरवणारं भूत. पण हे तो कुणाला बोलला नाही. लाज वाटायची.

माळाच्या कडेला एक पडकी धर्मशाळा होती. गाव तिकडे फिरकत नसे. तिन्हीसांजेला तिथून हाका यायच्या. आधी एक नाव, मग "आहे!" असा जबाब. मग दुसरं नाव. आणि सगळ्यांत शेवटी, गेलं वर्षभर, रोज एकच हाक: "अंतू!"

तिन्हीसांजेच्या हाकेला ओ देऊ नये, दिली की भूत घेऊन जातं, असं अंतूला आईनं लहानपणी बजावलं होतं. तो कानांवर हात ठेवून पाय उचलायचा. हाक ऐकू येईनाशी व्हायची, पण किणकिण काही थांबायची नाही, बरं का!

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी अंतू बाभळीला चौथी फेरी घालत होता. आज ती किणकिण अगदी बायकोच्या हातची वाटत होती. त्यानं खाली पाहिलं. ओल्या मातीत पावलांची गोल पायवाट पडली होती. सगळी पावलं एकाच माणसाची होती. त्याचीच. अंतू मटकन खाली बसला.

"अंतू!" धर्मशाळेतून हाक आली.

'एका भुतामागं रोज जातोच आहे,' अंतूच्या मनात आलं, 'दुसऱ्यानं नेलं तर आणखी काय वाईट होणार?' आणि तो जीव खाऊन ओरडला, "ओ! मी इथं आहे! मी चुकलोय हो, मला घरी जाता येत नाही!"

किणकिण बंद पडली. कंदील घेऊन पाचसहा जण आले. पुढं पलीकडच्या वाडीचा हैबती लोहार होता. हा दारूपायी कधीच मेला, असं गाव समजत होतं!

"मेल्या, वर्षभर घसा फोडतोय मी," हैबती म्हणाला. "ओ द्यायला काय झालं होतं तुला?"

"मला वाटलं, भुतं आहात."

"आम्हालाही तसंच वाटलं होतं. आम्ही सगळे याच बाभळीभोवती फिरलेले. मला घणाचा आवाज यायचा."

"आता येत नाही?"

"येतो की! म्हणून तर रोज जमतो. कुणी नाव घेतलं आणि आपण ओ दिली, की चकवा तुटतो. पण स्वतःला हाक कशी मारणार, बाबा?"

अंतू रोज धर्मशाळेत जाऊ लागला. कार्तिकात एकदा घसरला, गुत्त्यात गेला. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून आला. हैबतीनं नाव घेतलं, अंतूनं ओ दिली. कुणी काही विचारलं नाही.

माघात मैनेनं बापापुढे हात केला. शेवटच्या बांगडीला अंतूचा हात थरथरला. मांडवाच्या खांबाशी उभा असलेला हैबती हळूच म्हणाला, "अंतू."

"आहे," अंतू म्हणाला आणि बांगडी चढली. एकही वाढली नाही. मैना बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

ती सासरी गेली त्या संध्याकाळी घर अंतूला खायला उठलं. माळावरून किणकिण आली. अंतू उठला आणि धर्मशाळेत जाऊन बसला. बाभळीपाशी कुणीतरी गोल गोल फिरत होतं. गावातला गोपाळा शिंपी होता तो. अंतूनं तोंडाशी हात धरून त्याला हाक मारली. गोपाळा दचकला, कानांवर हात ठेवले आणि त्यानं पाय उचलले.

अंतू उद्याही हाक मारणार आहे.

तात्पर्य: व्यसनाच्या चकव्यातून एकट्याला सुटता येत नाही, त्याच वाटेवर चुकून परतलेली माणसं हाक मारतात, तेव्हा लाज आणि भीती सोडून ओ द्यावी.