साळुंकीची जागा

त्या रानात दाद देणारे पुष्कळ होते आणि ऐकणारे थोडे. गाणं सुरू व्हायच्या आधीच माना डोलायला लागत. गाण्यातला एखादा तुकडा काळजाला भिडला की त्याला ‘जागा’ म्हणत, आणि जागा आवडली की सगळं रान ‘वन्स मोर’ म्हणून ओरडे. मग गाणाऱ्याने ती पुन्हा घ्यायची, अशी रीत होती. नाही म्हणणं उद्धटपणाचं समजत.

तिथे एक साळुंकी होती. बाभळीवर बसून आपल्यापुरतं गाणारी. एकदा भारद्वाजाने तिला ऐकलं. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असं रान मानत असे. तो कुणाच्या घरट्यात शिरून काय खाऊन येतो, हे विचारण्याची तसदी मात्र कुणी घेतली नव्हती. त्याने तिला आपल्या वडावर नेलं, सगळ्यांत उंच फांदी दिली आणि स्वतः शेजारी बसला. “नशीब काढलंस हो बाई,” शेजारणी म्हणाल्या. तिलाही तसंच वाटलं.

पहिल्याच मैफलीत ती बिचकली. सूर खाली राहिला. तेव्हा भारद्वाजाने हळूच तिच्या पंखाखाली चोच खुपसली. ती कळवळून ओरडली आणि ते ओरडणं नेमकं वरच्या सुरावर जाऊन बसलं. रानातून वन्स मोरचा गजर उठला. साळुंकीला ती जागा आपण होऊन परत घेता येईना. भारद्वाजाने ती काढून दिली, पुन्हा तिथेच टोचून.

मग ते रोजचंच झालं. तिचं नाव रानाच्या पार टोकापर्यंत गेलं. जुन्या मैत्रिणी खालून वर बघत आणि एवढ्या उंच आपण कशाला जायचं, म्हणून परत फिरत.

“अहो, आज नको ना. फार दुखतंय,” ती कधी म्हणे.

“दुखतंय म्हणून तर गातेस,” तो म्हणे, आणि तेही अगदी मायेने. त्याचं खरंच असेल, असं तिला अधूनमधून वाटू लागलं होतं.

एकदा मात्र तिने भर मैफलीत गाणं थांबवलं आणि साध्या बोलीत सांगितलं, “हे मला टोचतात. मला कुणीतरी इथून खाली न्या.”

गाण्यातला जाणकार समजला जाणारा पिंगळा डोळे पुसत म्हणाला, “काय शब्द टाकलाय!” लगेच वन्स मोर झाला. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा वन्स मोर. चौथ्या खेपेला त्या वाक्याला चाल लागली होती.

त्यानंतर ती गाण्यापुरतीच तोंड उघडू लागली. एवढ्या गर्दीत बसून इतकं एकटं त्या रानात दुसरं कुणी नव्हतं.

एके सकाळी लांबच्या बोरीवरून तोच चिरलेला सूर आला. आणखी कुणाला तरी टोचताहेत! भारद्वाज “कुठे निघालीस?” म्हणेपर्यंत ती उडाली होती. एक पंख नीट चालत नव्हता, तरी पडत-सावरत ती पोचली. बोरीवर एक कोवळी साळुंकी गळा ताणून एकटीच बसली होती. तिच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

“काय झालं गं पोरी? कोण टोचतंय तुला?”

पोर दचकली. मग ओळख पटून लाजली. “कुणी नाही, ताई. तुमची ती जागा घोटतेय. आई म्हणते, अजून नीट सापडत नाही. एकदा दाखवाल का?”

पलीकडची फांदी वाकली. भारद्वाज मागोमाग येऊन बसला होता आणि पोरीकडे कौतुकाने पाहत होता.

साळुंकी सरकत सरकत दोघांच्या मधे आली. पोरीकडे वळून तिने पंख उचलला. खाली पीस म्हणून उरलं नव्हतं, नुसतं ओलं, लाल मांस होतं.

“ही,” ती म्हणाली. “नीट बघ. ही ती जागा.”