कपाटातला राउटर

घरोघरी वाय-फाय नवं नवं येत होतं, तेव्हाची गोष्ट. सुमनकाकूंनी राउटर आणला आणि धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल घालून लोखंडी कपाटात ठेवला. वायरी दाराच्या फटीतून आत घेतल्या.

शेजारचं चांदीचं ताम्हन म्हणालं, "नशीबवान आहेस. इथे फक्त मानाच्या वस्तू राहतात." राउटरही फुगला.

दुसऱ्याच दिवशी नागपूरला काकूंच्या नातीचं बारसं होतं. कंबर धरल्याने काकूंना जाता आलं नव्हतं. मोबाइलवर पाळणा दिसायचा आणि लगेच थिजायचा. "मेलं हे यंत्र!" काकू रडकुंडीला आल्या.

आत राउटर जिवाच्या आकांताने हाका मारत होता, पण लोखंड त्या गिळत होतं.

"ओरडू नकोस," ताम्हन म्हणालं. "मला दिवाळीशिवाय कोणी विचारत नाही. मी कधी कुरकुर केली?"

एवढ्यात नातीला दाखवायचे वाळे काढायला काकूंनी कपाट उघडलं, आणि हातातल्या मोबाइलमधून लेकीचा आवाज खणखणीत आला, "आई, दिसतंय का गं?"

काकू काय ते समजल्या. रुमाल गेला, राउटर कपाटाच्या माथ्यावर उघडा बसला.

आठवड्याने ताम्हनाने आतून हाक मारली, "किती रे धूळ बसली असेल तुझ्यावर! ये आत."

"बसू दे हो," राउटर म्हणाला. "काकू इथे अंगाई म्हणतायत, आणि तिकडे नागपुरात बाळ झोपतंय."